अंघोळीच्या पाण्याचा आराखडा

पहाटे ५.३०

बेंगळुरूत घर ऊबदार ठेवायला यंत्र लागत नाही. ९०० मीटर उंचीवरचं हे पठार. जानेवारीतली पहाट पंधरा अंशांच्या आसपास उतरते तेव्हा लोक स्वेटर-मफलर बाहेर काढतात, पण खोलीत हीटर लावणारं घर क्वचितच दिसतं. इथल्या घराला उष्णता लागते ती स्वयंपाकाला आणि अंघोळीला. स्वयंपाक गॅसवर गेला. अंघोळीचं पाणी चुलीवरच्या हंड्यातून गिझरमध्ये आलं आणि त्याचा सगळा भार विजेच्या तारांवर पडला. वस्तीवस्तीत हे पाणी कमीत कमी कोळसा जाळून कसं तापवता येईल, त्याचे आराखडे करणं हे माझं काम.

म्हणून या वेळी मी सर्जापूर रस्त्यालगतच्या एका दोनशे घरांच्या संकुलात, मीटररूममध्ये उभी आहे. वॉचमननं कुलूप काढून दिलं, इलेक्ट्रिशियन अण्णांनी मुख्य केबलींना क्लॅम्प मीटर लावले. आता नुसतं बघायचं. पावणेसहापर्यंत आकडा सुस्त असतो, जिन्यातले दिवे, फ्रिज, एखादी लिफ्ट एवढाच. मग वर कुठेतरी पहिला गिझर सुरू होतो, दुसरा, दहावा, आणि सव्वासहानंतर आकडा चढतच राहतो. शाळेची बस, ऑफिसची कॅब, देवपूजा, सगळ्यांची वेळ एकच.

गिझर साधारण २ किलोवॅटचा. दोनशे घरांतले निम्मे एकदम चालू झाले तर २०० किलोवॅट, तेही नुसते अंघोळीसाठी. या दीड-दोन तासांसाठी ट्रान्सफॉर्मर मोठा घ्यावा लागतो, त्यामागची केबल जाड लागते, उपकेंद्र वाढवावं लागतं. प्रत्यक्षात लागणारी ऊर्जा मात्र थोडी असते. वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज लागते. अडचण सगळी वेळेची आहे. पावगड्याचा २,०५० मेगावॅटचा सौर प्रकल्प साडेसहाला जेमतेम जागा होत असतो. त्या वेळचा भार शरावतीच्या पाण्यावर आणि रायचूर-बळ्ळारीच्या कोळशावर पडतो. दुपारी बारा वाजता राज्यात सूर्याची वीज भरपूर असते, तेव्हा अंघोळ करायला घरात कुणी नसतं.

सकाळी ७.१५

दर्शिनीत उभ्यानं इडली-वडा आणि फिल्टर कॉफी. शेजारी दोघं जण कालच्या मॅचबद्दल बोलताहेत. मी वहीत आकडे उतरवून घेते.

मी बेळगावची. आमच्या न्हाणीत तांब्याचा हंडा चुलीवर बसवलेला होता आणि त्याच्या पोटात नारळाच्या शेंड्या, करवंट्या, वाळका पाला असं मिळेल ते जळायचं. दिवाळीच्या आदल्या दिवशी तो चिंचेनं लख्ख घासून, हळदकुंकू लावून, काठोकाठ भरून ठेवायचा. कर्नाटकात या दिवसाला 'नीरु तुंबुव हब्ब', म्हणजे पाणी भरण्याचा सण म्हणतात. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी दुसऱ्या पहाटे वापरायचं ही सवय या मुलखात जुनीच आहे, आणि माझ्या कामाला तीच हवी आहे.

सकाळी ८.००

जयनगरमधलं एक तीस-बाय-चाळीसचं घर. बेंगळुरूत जागेचं माप हेच: तीस फूट रुंद, चाळीस फूट लांब, १,२०० चौरस फुटांची 'साइट'. २००७ साली कर्नाटक सरकारनं नव्या घरांना सौर बंब सक्तीचा केला. शहराची वीजवितरण कंपनी बेस्कॉमनं त्याला वीजजोडणीशी बांधलं: गच्चीवर बंब नसेल तर नवं कनेक्शन नाही. शिवाय बिलात सवलत, युनिटला ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये. एवढ्या साध्या नियमानं या शहराच्या गच्च्यांचं रूप पालटलं. विमान उतरताना खिडकीतून बघा, घराघरावर चकाकणाऱ्या काचा आणि त्यांच्या डोक्यावर आडवी टाकी. भारतात इतक्या दाटीनं सौर बंब दुसऱ्या कुठल्या मोठ्या शहरात दिसत नाहीत. त्याचं श्रेय त्या नियमाला आणि तो राबवणाऱ्यांना मोकळ्या मनानं द्यायला हवं.

गच्चीवर दोन चौरस मीटरचा संग्राहक आणि शंभर लिटरची टाकी. यात पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. काचेखालच्या नळ्यांतलं पाणी तापलं की हलकं होऊन वर टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी खाली उतरतं, आणि ऊन आहे तोवर हे चक्र आपोआप चालू राहतं. चांगल्या उन्हाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत टाकी साठ अंशांना टेकते. हिशोब केला तर ती दिवसाची चारएक युनिटं उष्णता होते. आपल्याकडे एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे गच्चीवरची ही निमूट पेटी दिवसाला अडीच-तीन किलो कार्बन डायऑक्साइड वाचवू शकते.

घरच्या अज्जी धारवाडच्या. कानडी-मराठी मिसळून बोलतात. त्यांची तक्रार अशी, की सोलर असूनही बिल कमी होत नाही.

"ढग आले की पोरं ओरडतात, पाणी गार म्हणून. मग मी रात्रीच बॅकअप लावून ठेवते," त्या म्हणाल्या.

"पहाटे बंद करता का, अज्जी?"

"कशाला? असू दे की. आपोआप बंद होतंय ते."

टाकीतली विजेची कॉइल तापमान भरलं की थांबते, हे खरं. पण सकाळी अंघोळी झाल्या, गार पाणी आत आलं, की ती पुन्हा सुरू होते. सूर्य वर येईपर्यंत टाकी विजेनं तापलेली असते आणि उन्हाला करायला काम उरत नाही. काच चकाकते, बिल येतं, आणि घरातल्यांचा समज होतो की सोलर फसवं आहे. या शहरातल्या असंख्य गच्च्यांवर हेच चाललेलं मी पाहते, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण सगळं सामान जागेवर असतं, कमी पडतो तो दोन शब्द समजावून सांगणारा माणूस.

अज्जींना सांगितलं ते असं: दुपारी तीन वाजता गच्चीवरच्या नळाखाली हात धरायचा. पाणी कडक असेल तर कॉइलला हात लावायचा नाही. कोमट असेल तर तेव्हाच तासभर लावायची आणि बंद करायची. तीन वाजेपर्यंत आजचं ऊन किती मिळालं ते कळलेलं असतं, तारांतून पावगड्याची वीज वाहत असते, आणि टाकीला जाड आवरण असल्यानं उद्या पहाटेपर्यंत पाणी थोड्याच अंशांनी उतरतं. अज्जी गच्चीवर चढत नाहीत म्हणून अण्णा एक टायमर बसवतील.

दुसरी अडचण मात्र टायमरनं सुटणारी नाही. पूर्वेच्या शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवला, आणि सव्वादहापर्यंत संग्राहक सावलीत राहतो. बेंगळुरू १३ अंश उत्तरेला आहे. २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या आसपास इथे दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही, आणि मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. संग्राहक मात्र दक्षिणेकडे कललेला, कारण गरम पाण्याची खरी गरज डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत सूर्य खाली असतो आणि शेजारची भिंत सगळ्यात जास्त आडवी येते. एकानं नियम पाळून बंब लावला आणि दुसऱ्यानं नियम पाळून मजला चढवला, तर ऊन कुणाचं? बांधकामाच्या नकाशात या प्रश्नाला जागा असायला हवी.

सकाळी १०.४५

ऑफिस. भिंतीवर वॉर्डाचा नकाशा, त्यावर फीडरच्या रंगीत रेघा. बैठी घरं हिरवी, उंच इमारती निळ्या, दाट भाड्याच्या वस्त्या पिवळ्या. प्रत्येक रंगाला वेगळं उत्तर लागतं, आणि आराखडा म्हणजे हे उत्तर कुठल्या रस्त्यावर कोणतं ते ठरवणं.

या कामाला डेन्मार्कमध्ये १९७९ पासून कायद्याचा आधार आहे. तिथल्या उष्णतापुरवठा कायद्यानं नगरपालिकांना घरं तापवण्याचं नियोजन करायला लावलं. जर्मनीत २०२४ पासून तसा कायदा आहे आणि एक लाखावर वस्तीच्या शहरांना उष्णतेच्या आराखड्यासाठी त्यानं २०२६ च्या मध्यापर्यंतची मुदत दिली. तिथे प्रश्न खोल्या गरम करण्याचा आहे, आपल्याकडे बादलीचा, पण पद्धत तीच: गल्लीनिहाय बघा, कुणाला किती उष्णता कधी लागते, आणि जवळ काय उपलब्ध आहे.

बेंगळुरूला ही पद्धत परदेशातून आणायची गरज नव्हती. ती याच गावच्या माणसानं मांडली होती. अमूल्य कुमार रेड्डी मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ, टाटा इन्स्टिट्यूटमधले. भारतीय विज्ञान संस्थेला इथले जुने लोक अजून तेच म्हणतात. १९७४ मध्ये त्यांनी तिथे 'अस्त्र' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र उभं केलं, कमी लाकडात जळणाऱ्या चुलीवर तिथे काम झालं. पुढे १९९१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकासाठी विजेचा एक वेगळा आराखडा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध केला. सरकारी समितीनं २००० सालासाठी जेवढी वीज लागेल म्हणून सांगितलं होतं, तिच्या निम्म्याहूनही कमी विजेत लोकांच्या गरजा भागतील असं त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. माणसाला युनिटं नकोत, त्याला उजेड हवा, शिजलेलं अन्न हवं, गरम पाणी हवं, तिथून हिशोब सुरू करा, असं त्यांचं म्हणणं होतं. विजेच्या गिझरच्या जागी सौर बंब हा त्या आराखड्यातला एक ठळक उपाय. रेड्डी २००६ मध्ये गेले, नियम पुढच्या वर्षी आला.

मला खटकतं ते इथे. नियमानं बंब मागितला, गरम पाणी मागितलं नाही. कनेक्शन देताना गच्चीवर टाकी आहे का एवढं बघितलं जातं. पाच वर्षांनी ती चालते का, नळाला किती अंशांचं पाणी येतं, कॉइल किती तास जळते, हे विचारणारं कुणी नाही. बोअरच्या जड पाण्यानं नळ्यांत क्षार साचून वाट बंद होते, आणि नवा सोलर घ्यायचा खर्च ऐकून घरमालक मुकाट्यानं बाथरूममध्ये गिझर लावतो. गच्चीवरची मोजणी केली तर ते घर सौर, मीटर बघितला तर विजेचं.

त्यात ऑगस्ट २०२३ पासून 'गृहज्योती' आली. महिन्याला २०० युनिटांपर्यंत घरगुती वीज मोफत, मागच्या सरासरीपेक्षा थोडी जास्त एवढ्या मर्यादेत. ज्या घरात दिव्याचं बिल भरणं जड होतं तिथे ही मोठी सोय आहे आणि ती काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण जिथे बिलच शून्य आहे तिथे ५० पैशांच्या सवलतीला अर्थ उरत नाही, आणि सोलर दुरुस्त करायचं कारणही उरत नाही. त्याच योजनेतून जुन्या बंबांची वर्षाकाठी एक मोफत सफाई दिली, तर सरकारचाच वीजखर्च वाचेल. माझ्या टिपणात हे मी प्रत्येक वेळी लिहिते.

दुपारी १.००

डबा. चपाती, वांग्याची भाजी, ताक. फीडरची माहिती मागणारं पत्र सही करून पाठवलं.

दुपारी २.००

श्रीरामपुरम. एका अंगणाभोवती सात-आठ खोल्या, असल्या वठारात भाडेकरूंची बिऱ्हाडं. कुणाकडे गिझर नाही. बादलीत लोंबता विजेचा रॉड असतो, आणि तो चालू असताना लहान मुलाला खोलीबाहेर काढून दाराला कडी लावतात. शॉकची भीती सगळ्यांना असते, पण पर्याय नसतो. अंगणाच्या कोपऱ्यात जुना तांब्याचा बंब आहे, त्यात पॅकिंगची लाकडं, पुठ्ठे जळतात. धूर थेट शिवणाचं मशीन चालवणाऱ्या बाईंच्या खोलीत.

गच्ची मालकीणबाईंची, बिल भाडेकरूंचं. मालकीणबाईंना सोलर लावून काय मिळणार? आणि आज इथे उद्या तिथे राहणारा भाडेकरू दुसऱ्याच्या गच्चीवर पैसे का घालेल? शहरातले कितीतरी आराखडे या एका जिन्यावर अडकतात. पिवळ्या रंगाचा हा भाग नकाशावर लहान दिसतो, माणसं मात्र इथेच दाट आहेत, आणि माझा सगळ्यात जास्त जीव इथे गुंततो.

आज मी मालकीणबाईंसमोर एकच प्रस्ताव ठेवला: गच्चीवर तीनशे लिटरचा बंब, आणि खोल्याखोल्यांत पाइप न नेता खाली अंगणात एकच नळ. ज्यानं त्यानं आपली बादली भरून न्यायची, खोलीमागे दीड बादली. पाइप कमी, दुरुस्ती कमी, रॉड बंद. खर्च भाड्यात थोडा थोडा वसूल करायचा आणि तो आकडा आत्ताच कागदावर लिहायचा.

"पहिली बादली कुणाची, यावरून भांडणं होतील," त्या म्हणाल्या.

शिवणवाल्या बाई दारातूनच बोलल्या, "अक्का, पाण्याच्या टँकरला होत नाहीत का भांडणं? तरी रांग लागतेच की."

मालकीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी कागद ठेवून घेतला. पाडव्यानंतर सांगते म्हणाल्या.

दुपारी ४.१५

व्हाइटफील्डला आर्किटेक्टबरोबर बैठक. पंधरा मजले, मजल्यावर चार घरं, एकूण साठ. घरामागे शंभर लिटर धरले तरी १२० चौरस मीटर संग्राहक, आणि ओळींमध्ये सावली पडू नये, माणसाला फिरता यावं म्हणून जवळजवळ दुप्पट जागा. त्याच गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, आणि 'पीएम सूर्यघर' योजना आल्यापासून प्रत्येकाला हवे असलेले वीज बनवणारे पॅनेल. मग होतं काय, तर वरच्या चार मजल्यांना सोलरचं पाणी आणि बाकीच्यांना गिझरची जागा, असा नकाशा येतो.

मी वहीतलं गणित दाखवलं. दोन चौरस मीटरचा संग्राहक चांगल्या उन्हात चारएक युनिटं उष्णता देतो. तेवढ्याच जागेतले पॅनेल दीड युनिट वीज देतात, पण ती हीट पंपाला दिली तर तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात तिप्पट भरतो, म्हणजे साडेचार. बेंगळुरूची हवा बाराही महिने मवाळ, त्यामुळे हीट पंपाला याहून चांगलं गाव शोधून मिळायचं नाही. बैठ्या घराला पंप नसलेला साधा बंबच उत्तम, तिथे यंत्र वाढवू नये. उंच इमारतीत मात्र मोठी टाकी, हीट पंप, आणि तो चालवायची वेळ दुपारी अकरा ते चार.

आर्किटेक्टना ते पटलं. वाद झाला तो पाइपवरून. गच्चीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत चाळीस मीटर पाइप. एक इंची पाइपमध्ये तेवढ्या लांबीत सोळा-सतरा लिटर पाणी मावतं, आणि रात्रभर ते गार झालेलं असतं. सकाळी गरम पाणी येईपर्यंत जवळजवळ एक बादली नाल्यात. हे पाणी शंभर किलोमीटरांवरून, तोरेकाडनहळ्ळीहून टप्प्याटप्प्यानं वर चढवत आणलेली कावेरी. २०२४ च्या उन्हाळ्यात याच भागातली संकुलं टँकरची वाट बघत होती. गरम पाणी फिरतं ठेवणारी परतीची लाइन आणि पाइपवर आवरण, हे आत्ता नकाशात घेतलं तर शाफ्ट थोडी रुंद करावी लागते. इमारत उभी राहिल्यावर ते करायचं तर प्रत्येक बाथरूमची फरशी फोडावी लागते. "शाफ्टमुळे विक्रीची जागा जाते," असं बिल्डरच्या माणसानं सांगितलं. मजल्यामागे किती, विचारलं. पायपुसण्याएवढी. शाफ्ट रुंद झाली.

संध्याकाळी ७.००

कनकपुरा रस्त्यावरच्या एका जुन्या संकुलाची सभा, क्लबहाउसमध्ये. यांची केंद्रीय सोलर यंत्रणा बारा वर्षांची. खालच्या मजल्यांवर पाणी कोमट, म्हणून सगळ्यांनी गिझर लावलेले, तरी गच्चीवरची कॉइल पहाटे चारला चालू होते. म्हणजे एकाच अंघोळीला दोनदा वीज.

सेक्रेटरी सरांनी तीन कामं मांडली: नळ्यांची सफाई, कॉइलची वेळ पहाटेवरून दुपारी तीनवर, आणि परतीच्या लाइनसाठी दर मागवणं. हीट पंपाचा विषय निघताच आवाज वाढले. खजिनदारांनी सरळ विचारलं, "मॅडम, दुपारचं युनिट आणि पहाटेचं युनिट, आमच्या बिलात दर एकच. मग वेळ बदलून आम्हाला काय मिळणार?"

प्रश्न रास्त होता. दर वेगळा नसेल तर नुसत्या वेळेचे पैसे त्यांना मिळत नाहीत, हे मी तसंच सांगितलं. त्यांना मिळतं ते वेगळं: दुपारी कॉइल लावली की उन्हानं किती काम केलं ते कळून उरलेलंच विजेनं करायचं, पहाटे लावली की पूर्ण दिवसाच्या उन्हाची जागा विजेनं अडते. गाड्यांच्या चार्जिंगसाठी वाढीव भार मागायचा अर्ज त्यांच्या टेबलावर आहेच. सकाळचे गिझर कमी झाले तर तो अर्ज लहान होईल.

सफाई आणि टायमर मंजूर झाले. हीट पंपाचं तीन महिन्यांचे आकडे बघून ठरवू, असं सेक्रेटरी सर लिहायला लागले. तेवढं मी बदलून घेतलं. फेब्रुवारी ते एप्रिलचे आकडे बघितले तर कुठलाही सोलर उत्तम वाटतो. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, खरी परीक्षा तेव्हाची. मोजणी ऑक्टोबरपर्यंत चालवायची, दुसऱ्या आणि चौदाव्या मजल्यावर नळाच्या पाण्याचं तापमान रोज सकाळी साडेसहाला लिहायचं, आणि ते काम दोन निवृत्त रहिवाशांनी अंगावर घ्यायचं, असा ठराव झाला.